लॉगबुकातलं पान

४ जून २००७, सोमवार

आज सव्वातीन तास सहा मुली कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसल्या. शिरूरला वीज होती. दौंडला नव्हती. म्हणून शिरूरचं इंटरनेट बंद.

कुणाला सांगितलं तर हसेल. आमचं मुलींचं कॉम्प्युटर सेंटर दोन खोल्यांचं: एक दौंडला महेजबीनकडे, एक इथे माझ्याकडे. आम्ही दोघी दौंडच्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालो आणि हे काढलं. पण सुरुवातीलाच सगळी जोडणी दौंडमधून केल्यामुळे माझ्या खोलीतला राउटर दौंडच्या राउटरला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही. लोडशेडिंग दौंडला दहा ते दोन, शिरूरला दोन ते सहा. म्हणजे एकूण आमच्या नशिबी सकाळचा एक तास. एखादी सासू इतका छळ करत नसेल.

महेजबीनला फोन केला. ती म्हणाली, अनिसला सांगते. अनिस तिचा मुलगा, शिक्रापूरला एका फॅक्टरीत हेच काम करतो. तो म्हणे शिरूरचा राउटर दौंडपासून तोडून स्वतःच्या पायावर उभा करता येईल. मी म्हटलं, मग दोन वर्षं वाट कसली पाहिली?

७ जून, गुरुवार

अनिसची आज साप्ताहिक सुट्टी. नऊच्या एसटीने आला, बारापर्यंत काम केलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसले. ज्या यंत्राची जबाबदारी आपल्यावर आहे ते उघडलेलं असताना सुपरवायझरने जागा सोडायची नसते.

इथे आता आमची स्वतःची ब्रॉडबँड लाइन आली आहे. अनिसने ती राउटरच्या पाठीत खोचली, कॉम्प्युटर क्रमांक एकवर एक पान उघडलं आणि आकडे घालायला लागला. मी प्रत्येक आकडा कशाचा ते विचारलं. आधी तो कंटाळला, मग त्याला मजा वाटू लागली. दौंडचा पत्ता पुसून टाकला. आता प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर द्यायचं काम आमचा राउटरच करणार. मी म्हटलं, म्हणजे एक्सचेंजच झालं हे, सबस्क्रायबरला नंबर देणारं. तो म्हणाला, "व्हय खाला, तुमचंच काम हाय. फक्त ह्याला पेन्शन न्हाई."

दुसरी गोष्ट त्याने केली ती लांबून लक्ष ठेवण्याची. आमचा राउटर चालू आहे का, कधी बंद पडला, कधी चालू झाला, त्याच्यात कुणी काय बदललं, हे सगळं दौंडला महेजबीनच्या कॉम्प्युटरवर ईमेलने आपोआप जाणार; तिथे वीज नसली तर साठून राहणार आणि वीज आली की दिसणार. मी लगेच विचारलं, मुली काय लिहितात ते दिसतं का? नाही म्हणाला. मी तीनदा विचारलं. एक्सचेंजच्या बोर्डवर सुपरवायझरला एक चावी असे, ती दाबली की कुणाचंही बोलणं ऐकू यायचं. एकतीस वर्षांत मी लाइन जिवंत आहे की नाही एवढं कळेपर्यंतच ती दाबली आहे. इतरांनी काय केलं ते मला माहीत आहे, पण त्यातल्या दोघी आता हयात नाहीत, म्हणून लिहीत नाही.

राउटरचा पासवर्ड त्याने चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आम्हा तिघांनाच माहीत. म्हणाला, पासवर्डशिवाय कुणालाच आत जाता येणार नाही, त्यालासुद्धा.

साडेबाराला दौंडची वीज गेलेली असताना इथे आठही कॉम्प्युटर चालत होते. महेजबीनला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आता रोज सकाळी तुझा राउटर लागला की मला दिसेल, पूर्वीसारखं.

पूर्वीसारखं म्हणजे चौऱ्याहत्तर साल. तेव्हा मला चार वर्षं शिरूर एक्सचेंजला टाकलं होतं, ती दौंडच्या बोर्डवर. सकाळी सातला लाइन तपासायची म्हणून ती दोनदा रिंग द्यायची आणि मी उलट दोनदा. बोलायचं नाही, बोललं की तो कॉल बिलात धरला जायचा. दोन रिंगा म्हणजे मी जागेवर आहे.

११ जून, सोमवार

झकास चाललं आहे. मुली म्हणाल्या आज जरा हळू चालतंय, म्हणून राउटर एकदा बंद करून चालू केला. सुधारलं.

कवठे येमाईची नीलम आली होती. बारावीला अडुसष्ट टक्के. नर्सिंगला जायचं आहे. फॉर्म या वर्षीपासून इंटरनेटवरच भरायचा, शेवटची तारीख ३० जून. तिच्या वडिलांचं म्हणणं, तारीख गेली तर देवाची इच्छा आणि मग दिवाळीत लग्न. देवाच्या नावावर माणसं काय काय खपवतात. तिला म्हटलं, फोटो आणि मार्कशीट घेऊन ये, मी स्वतः भरून देते.

नकुशी झाडताना कपाट उघडून चहापूड काढत होती आणि दार सताड उघडं. पासवर्डची चिठ्ठी रस्त्यावरून वाचता येईल अशी. तिला वाचता येत नाही ही गोष्ट वेगळी. असा कारभार मी दौंडला चालू दिला नसता. बसले, अनिसने दाखवलेलं पान उघडलं आणि पासवर्ड बदलून टाकला. बोर्डवरचा माझा जुना पोझिशन नंबर आणि त्याला जोडून सिस्टरच्या कुत्र्याचं नाव. कॉन्व्हेंट शाळेतल्या त्या कुत्र्याला ओळखणारे जगात महेजबीन आणि मी दोघीच उरलो असू. चिठ्ठी फाडून टाकली. महेजबीनला आणि अनिसला फोन करून सांगायचं.

दुपारी पुन्हा वही उघडली. मुली म्हणाल्या हळू चालतंय. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदाच राउटर बंद करून चालू करावा लागला.

१५ जून, शुक्रवार

महेजबीनने फोनवर विचारलं, पमा, काल राउटर नऊ वेळा बंद का केलास? मी म्हटलं, एकदा केला. ती म्हणाली, बरं. तिची ही "बरं" म्हणायची सवय शाळेपासूनची. सिस्टर हातावर पट्टी मारायच्या तरी ही "बरं" म्हणायची.

नऊ वेळा. यंत्र कुठलं आणलंय कोण जाणे.

नीलम येऊन गेली. फोटो आणि मार्कशीट आणायला सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. अलीकडच्या मुलींना एक गोष्ट एका वेळी सांगून कळत नाही.

१९ जून, मंगळवार

नकुशीचा आगाऊपणा वाढतो आहे. तिला विचारलं, खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? तर म्हणते, "बाई, ह्ये तुम्ही काल बी इचारलं, परवा बी इचारलं. तुमच्या पर्समंदी हाय." किल्ली पर्समध्ये होती. तिनेच ठेवली असणार.

२१ जून, गुरुवार

अनिस आला. न बोलावता. म्हणाला, सहज, राउटर बघायला. राउटरकडे त्याने दोन मिनिटं बघितलं आणि माझ्याकडे अर्धा तास. जेवण काय केलं, औषध घेता का, डॉक्टरकडे शेवटचं कधी गेलात. मी म्हटलं, तुझी आई मला ओळखून पन्नास वर्षं झाली, तिनेही माझा आहार कधी विचारला नाही.

मग तो बाहेर पायरीवर जाऊन मोबाइलवर बोलू लागला. मी खिडकीत होते. चोरून ऐकत नव्हते. आवाज येत होता. "अम्मी, खाला को अभी मत बोलो. अब इधर किसी को बैठने की भी जरूरत नहीं. सब उधर से दिखता है."

इथे कुणी बसायची गरज नाही.

ही खोली माझ्या वडिलांनी मला दिली. पाटी मी रंगवून घेतली. शिरूरच्या बाजारात दारोदार फिरून पहिल्या अकरा मुली मी आणल्या. आणि आता राउटर आपल्या पायावर उभा राहिला म्हणून माझे पाय कापायचे.

त्याला चहा दिला. बिनसाखरेचा.

२७ जून, बुधवार

सकाळपासून इंटरनेट नाही. ब्रॉडबँडवाल्यांकडून पत्र आलं होतं की सगळ्या ग्राहकांच्या लाइनचा परवलीचा शब्द बदलला आहे, नवा आपापल्या राउटरमध्ये घालून घ्यावा. पत्र टेबलावर आठवडाभर पडलं आहे म्हणे. मी ते आज पाहिलं.

नवा शब्द घालायचा तर राउटरच्या पानावर जायला हवं. त्याला लागतो राउटरचा पासवर्ड. कपाट उघडलं, दारावर चिठ्ठी नाही. डिंकाचा डाग आहे, चिठ्ठी नाही. अनिसला फॅक्टरीत फोन केला, त्याने जुना पासवर्ड तोंडी सांगितला. घातला. चुकीचा आहे म्हणतं. सहा वेळा घातला.

अनिस म्हणाला, "खाला, तुम्ही पासवर्ड बदललाय का?" मी म्हटलं, मी कशाला बदलू? तो म्हणाला, नीट आठवून बघा. माझ्याशी कुणी असं लहान मुलाशी बोलल्यासारखं बोललेलं मला चालत नाही.

तिघांनाच माहीत. मी बदलला नाही. महेजबीनला कॉम्प्युटर उघडला तर बंद करता येत नाही. उरला कोण? त्यानेच बदलला आहे आणि चिठ्ठीही त्यानेच २१ तारखेला काढून नेली आहे. आता माझी खोली माझ्यासाठी बंद आणि त्याच्यासाठी उघडी.

अनिसने पासवर्ड बदलला. हे मी इथे शाईने लिहून ठेवते.

नीलम दिवसभर बसून गेली. तारखेला तीन दिवस राहिले.

२८ जून, गुरुवार

तो आला. सोबत एक टाचणी घेऊन आला होता. राउटरच्या पाठीमागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसून धरली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. मग तासाभरात सगळं नव्याने बसवता येतं, नीलमचा फॉर्म दुपारपर्यंत भरून होतो. असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, म्हणजे पुरावाही कोरा. चोरी झालेल्या खोलीत पोलीस येण्याआधी झाडू मारायचा नसतो. राउटरला हात लावायचा नाही.

तो म्हणाला, पुरावा कसला खाला, फॉर्मची तारीख चाललीय. मी म्हटलं, तारखेची एवढी काळजी होती तर पासवर्ड बदललास कशाला?

मुलगा पांढराफटक पडला. नकुशी दारात केरसुणी धरून उभी, नीलम कॉम्प्युटर चारवर खाली मान घालून. थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "तुझ्या आईला बोर्डवर कॉर्ड कशी धरायची ते मी शिकवलं, अनिस. आणि तू मला माझ्याच खोलीतून उठवतोस."

त्याने टाचणी टेबलावर ठेवली. "तुम्हाला जसं वाटतंय तसं, खाला," एवढंच म्हणाला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

लबाडाला भूक नसते.

२९ जून, शुक्रवार

महेजबीन आली. गुडघे धरून एसटीच्या पायऱ्या चढते ती बाई, दोन तास हेलकावे खात आली. छत्री, डबा आणि एक प्लास्टिकची पिशवी. मी उठले नाही.

डबा तिने नकुशीला दिला. पिशवीतून कागद काढले. दौंडच्या कॉम्प्युटरवर आमच्या राउटरने स्वतःबद्दल जे जे लिहून पाठवलं होतं ते छापून आणलेलं, सत्तावीस तारखेला लाइन बंद पडेपर्यंतचं. चष्मा लावून एका ओळीवर बोट ठेवलं. ११ जून, अकरा बेचाळीस. पासवर्ड बदलला. कुठून, तर शिरूर कॉम्प्युटर क्रमांक एक.

क्रमांक एकवर मी बसते.

मी म्हटलं, कागदावर काय वाटेल ते छापता येतं. आपल्या काळात बिलं छापली जायची, त्यातली किती खरी होती ते तुला माहीत आहे.

ती म्हणाली, अकरा तारखेला अनिस फॅक्टरीत होता, त्याचं कार्ड पंच झालेलं आहे. मी म्हटलं, तूच म्हणतेस ना लांबून सगळं दिसतं, मग लांबून सगळं करताही येत असेल. त्यावर तिने दुसरा कागद काढला. रोज राउटर कितीदा बंद-चालू केला त्याची यादी. पाच, नऊ, सात, अकरा. मी तो कागद हातात घेतला नाही.

"हे तू का मोजत होतीस?" मी विचारलं.

बाहेर ट्रक मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं, आन् दे, आन् दे.

"राउटर मोजत नव्हते, पमा," ती म्हणाली. "तुला मोजत होते. दिवाळीपासून तू मला एकच गोष्ट चार-चारदा फोन करून सांगतेस. शिरूरचा राउटर वेगळा काढायचा म्हटल्यावर मीच अनिसला म्हटलं, सगळं लिहून येईल असं कर, मला तिचा दिवस कळू दे. इथलं काम लांबून चाललं तर तू माझ्याकडे दौंडला येऊन राहशील असं वाटलं. म्हणून तो म्हणाला, कुणी बसायची गरज नाही."

म्हणजे अनिस नव्हे. हीच. पन्नास वर्षांची मैत्रीण माझ्या लाइनवर चावी दाबून बसली होती, तीन आठवडे, आणि रोज फोनवर "बरं" म्हणत होती. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये शेजारी गुडघे टेकलेली, माझं लग्न मोडलं त्या आठवड्यात माझ्या दोन ड्यूट्या स्वतः केलेली. परक्याने केलं असतं तर मी पोलिसात गेले असते. हिचं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मी म्हटलं, एसटी चारला आहे.

तिने कागद टेबलावर ठेवले, टाचणीच्या शेजारी. दारातून वळली. "तू वही लिहितेसच. अकरा तारखेचं पान बघ, पमा. लॉगबुक बघितल्याशिवाय तू कुणाला मेमो दिला नव्हतास कधी."

डबा नकुशीला घरी न्यायला सांगितला. ती म्हणाली, "खिमा हाय बाई, तुमच्या आवडीचा." मी म्हटलं, ने.

वही बघणार नाही. मला माझा दिवस विचारायला वहीकडे जावं लागत नाही.

३० जून, शनिवार

पाहिली.

अक्षर माझंच. कॉन्व्हेंटचं, उजवीकडे झुकलेलं. असं आता कुणी काढत नाही. मी लिहिलेलं मी वाचलं आणि मला त्यातलं काहीच आठवलं नाही. चिठ्ठी फाडल्याचं नाही, पान उघडल्याचं नाही. त्याच पानावर सकाळी राउटर बंद-चालू केल्याचं आहे आणि दुपारी तेच पुन्हा, पहिल्यांदाच केलं म्हणून. दुसऱ्या कुणाची वही चोरून वाचावी तसं वाटलं.

महेजबीनने दगा दिला तेव्हा निदान राग कुणावर काढायचा ते माहीत होतं.

पान फाडायला हात गेला होता, हे नोंदवते. फाडलं नाही. एक्सचेंजचा नियम होता: लॉगबुकातलं पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चुकीची नोंद असेल तर तिच्यावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही करायची. मी या नियमापायी एका पोरीची बढती थांबवली आहे. २७ तारखेच्या "अनिसने पासवर्ड बदलला" या ओळीवर पट्टी धरून रेघ मारली. २८ तारखेच्या शेवटच्या ओळीवर मारली. प्र. शि., ३०-६-०७.

मग क्रमांक एकवर बसले. पोझिशन नंबर आठवायला क्षण लागला नाही. कुत्र्याचं नावही नाही; त्याच्या एका कानाला फाटल्याची खूण होती आणि तो फक्त सिस्टरच्या हातचा पाव खायचा, तेही आठवलं. चौपन्न साली काय घडलं ते सगळं जागेवर आहे. पान पहिल्याच फटक्यात उघडलं.

ब्रॉडबँडवाल्यांचा नवा शब्द पत्रावरून एकेक अक्षर बघून घातला. हिरवा दिवा लागला. नीलम आठ वाजल्यापासून पायरीवर बसली होती. फोटो आणि मार्कशीट तिने न मागता पुढे केली. पिशवीत तीन प्रती होत्या. मी तिला म्हटलं, प्रत्येक रकाना तू भर, मी फक्त वाचते. अकरा वीसला फॉर्म गेला, पावती छापून आली. पावती घेऊन ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. मी तीन दिवस तिची वाट अडवून बसले होते.

राउटरच्या त्याच पानावर लांबून लक्ष ठेवण्याची खूण आहे, एक छोटा चौकोन, त्यात टिक. ती काढली की दौंडला काही दिसणार नाही. माउस तिथे नेला. बराच वेळ तसाच धरून बसले. नकुशीने विचारलं, चहा टाकू का. टाक म्हटलं. टिक तशीच ठेवली.

अनिसला फॅक्टरीत फोन केला. म्हटलं, लिहून घे, आणि नवा पासवर्ड सांगितला. पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. म्हणाला, लिहिला खाला. मी म्हटलं, मी उद्या बदलला आणि बदलला नाही म्हटलं, तर माझं ऐकायचं नाही. कागदाचं ऐकायचं.

तो म्हणाला, "व्हय." मग म्हणाला, "गुरुवारी येऊ का?"

मी म्हटलं, तुझी टाचणी राहिली आहे इथे.

महेजबीनला फोन केला नाही. तिने मला विचारायला हवं होतं. समोर बसून, चहा घेत, पमा तुला काय होतंय म्हणून. मी तिला हाकलून दिलं असतं हे खरं, पण विचारायला हवं होतं.

पावणेदोनला, मुली गेल्यावर, राउटर बंद केला आणि चालू केला. पुन्हा बंद केला आणि चालू केला. नेट उत्तम चाललं होतं. दोन वाजता दौंडची वीज येते.

दोन वाजून सहा मिनिटांनी फोन दोनदा वाजला आणि थांबला.

मी तिला माफ केलेलं नाही. हे इथे शाईने नोंदवून ठेवते, नाहीतर सोमवारपर्यंत विसरायची.

प्र. शि.